२७०२, ३२७१, ३७०५ : मेनफ्रेम आणि टर्मिनलच्या मधला डबा

हिरवापडदा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी छातीठोकपणे लिहिलं होतं की जुन्या काळी टर्मिनलवर (मोठ्या कॉम्प्युटरला तारेने जोडलेला कीबोर्ड आणि पडदा किंवा टाइपरायटर) दाबलेलं प्रत्येक बटण थेट मेनफ्रेमच्या, म्हणजे त्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, सीपीयूपर्यंत जायचं आणि म्हणून ती सिस्टिम स्लो असायची. तिथे वाद घालत बसलो असतो तर मूळ विषयाचं वाटोळं झालं असतं म्हणून इथे वेगळा धागा काढतोय. मी आयबीएमबद्दलच बोलणार आहे, बरोज, युनिव्हॅक वगैरेवाल्यांनी आपापलं लिहावं, वाचायला आवडेल.

तर, १९६४ च्या एप्रिलमध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. त्यातली मधली-मोठी मॉडेलं सेकंदाला लाखो सूचना चालवायची, आणि दुसऱ्या टोकाला २७४१ सारखं टर्मिनल, म्हणजे गोल टाइपबॉलवाला सिलेक्ट्रिक टाइपरायटर, त्याचा वेग १३४.५ बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम तेवढे बिट. सेकंदाला साधारण १४.८ अक्षरं. तेही सलग टाइप केलं तर, माणूस मध्ये चहा प्यायला गेला की शून्य. आता फोनच्या तारेवरून येणारा एकेक बिट सीपीयूने बघायचा म्हटलं तर ते लाखो डॉलरचं मशीन दिवसभर तारेकडे टक लावून बसणार, पगाराचे चेक कोण छापणार?

म्हणून काम तीन ठिकाणी वाटलं होतं. तारेच्या तोंडाशी ट्रान्समिशन कंट्रोल युनिट. त्यात २७०१ छोटा, ४ लाइनी घ्यायचा पण वेगवान. २७०२ मध्ये ३१ पर्यंत हळू लाइनी आणि २७०३ मध्ये १७६ पर्यंत. हा डबा प्रत्येक लाइन पाळीपाळीने बघायचा, स्टार्ट बिट आला की वेळ मोजून पुढचे बिट उचलायचा आणि एक अक्षर पूर्ण झालं की वरच्या मल्टिप्लेक्सर चॅनेलला, म्हणजे सीपीयूऐवजी मेमरीशी डेटाची ने-आण करणाऱ्या हार्डवेअरला, सांगायचा, बाबा एक बाइट तयार आहे. चॅनेल तो बाइट उचलून मेमरीत योग्य जागी ठेवायचा. प्रत्येक लाइनला चॅनेलमध्ये स्वतःचा सबचॅनेल, म्हणजे कुठल्या पत्त्यावर ठेवायचं आणि अजून किती बाइट यायचे बाकी आहेत याची छोटी नोंद. त्यामुळे पन्नास लाइनींचे बाइट एकमेकांत मिसळून आले तरी मेमरीत मात्र ज्याचं त्याच्याकडे.

या सगळ्यात सीपीयूला पत्ताच नसतो. त्याने सुरवातीला चॅनेल प्रोग्रॅम (चॅनेलने काय काय करायचं त्याची यादी) सुरू करून दिला, आता ओळ संपून टर्मिनलने ट्रान्समिशन संपल्याची खूण पाठवली की मगच इंटरप्ट, म्हणजे सीपीयूला हाक. मूळ वाक्यातलं 'प्रत्येक बटण थेट सीपीयूपर्यंत' १९६० च्या दशकातही खरं नव्हतं, आणि १९७१ ला ३२७० ही पडद्यावाली टर्मिनलं आल्यावर तर अजिबातच नाही. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता हाफिसात जायचंय.

चकली

भारी आहे. पण डोक्यावरून अर्धं गेलं. एक मूर्ख प्रश्न, दहा गावांतल्या दहा ब्रँचेस असतील तर दहा वेगळ्या फोनलाइनी घ्यायच्या का? परवडायचं कसं?

हिरवापडदा

@चकली ताई, प्रश्न मूर्ख नाही, सगळा धंदा त्यावरच उभा होता. लीज्ड लाइनचे (कायमच्या भाड्याने घेतलेल्या तारेचे) पैसे मैलावर असायचे, त्यामुळे एकच लाइन गावागावातून फिरवून आणायची आणि वाटेत प्रत्येक ब्रँचचा डबा तिला लटकवायचा. मल्टिड्रॉप म्हणतात. आता एकाच तारेवर दहा जण एकदम बोलले तर कोणाचंच कळणार नाही, म्हणून नियम असा की विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. शाळेत बाई हजेरी घेतात तसं मेनफ्रेमकडून एकेकाचा नंबर पुकारला जायचा. ज्याच्याकडे काही असेल त्याने पाठवायचं, नसेल त्याने 'नाही' म्हणायचं, पुढचा.

आयबीएमने १९६७ मध्ये बायसिंक नावाचा प्रोटोकॉल आणला, त्यात हे तारेवर कसं दिसायचं ते सांगतो म्हणजे कल्पना येईल. हेक्समध्ये लिहितोय. आधी ३२ ३२, हे सिंक बाइट, अक्षर नेमकं कुठून सुरू होतं ते समोरच्याला कळावं म्हणून. मग ४० ४०, म्हणजे शून्य नंबरचा कंट्रोल युनिट, ब्रँचमधल्या टर्मिनलांना लाइनशी जोडणारा डबा. पत्ता दोनदा, कारण तारेवर एखादा बिट उलटला आणि भलताच डबा उठून बोलायला लागला तर बोंब. मग ७एफ ७एफ, म्हणजे 'तुझ्याकडच्या कुठल्याही टर्मिनलकडे काही असेल तर दे'. शेवटी २डी, म्हणजे एन्क्वायरी, बोल आता. काहीच नसेल तर उत्तरात एक ३७, इओटी, संपलं.

यातला ७एफ फार महत्त्वाचा. तो नसता तर एकेका युनिटच्या मागच्या ३२ टर्मिनलांना वेगवेगळं विचारावं लागलं असतं, आणि प्रत्येक प्रश्नाला लाइनची दिशा बदलायची म्हणजे मोडेमचा वेळ जातो, तो काही फुकट नाही.

आणि ही हजेरीसुद्धा सीपीयू घेत नव्हता बरं का. ऑटोपोल असलेल्या डब्याला पत्त्यांची यादी आणि चॅनेल प्रोग्रॅम देऊन ठेवायचा, 'नाही' आलं की चॅनेल आणि कंट्रोल युनिट आपापसातच पुढच्या पत्त्यावर जायचे. कोणी 'हो' म्हणालं तरच प्रोग्रॅम पुढच्या रीड कमांडवर सरकायचा. रात्री दोन वाजता सगळ्या ब्रँचेस बंद असताना तारेवर हजेरी अखंड चालू आणि सीपीयू निवांत बॅच जॉब चालवतोय.

सदू_सांताक्रूझ

वाखुसा (वाचनखूण साठवली). अजून येऊ द्या.

कोबोलकाका

हिरवापडदा, ३२७० चं मी सांगतो, त्यावर माझी हाडं झिजली आहेत. नव्वदीच्या दशकात मुंबईत बसून एका अमेरिकन इन्शुरन्स कंपनीचं सीआयसीएस (टर्मिनलवरून येणारे व्यवहार चालवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) सांभाळायचो.

आधी हार्डवेअर. ३२७७ टर्मिनल, मॉडेल २ म्हणजे २४ ओळी गुणिले ८० रकाने, १,९२० अक्षरं. ते जाडसर कोॲक्स केबलने कंट्रोल युनिटला जोडायचं. युनिट दोन प्रकारचं, मेनफ्रेमच्या खोलीतच असेल तर ३२७२, थेट चॅनेलला, आणि दूर गावात असेल तर ३२७१, मोडेमच्या पलीकडे. एकाला ३२ पर्यंत डिव्हाइस, त्यात प्रिंटरपण आले.

आता तुम्ही टाइप करता तेव्हा काय होतं? काही नाही. म्हणजे अक्षर पडद्यावर दिसतं, ते टर्मिनलच्याच बफरमध्ये बसतं, बॅकस्पेस मारा, पुढच्या फील्डवर टॅब करा, सगळं पुसून परत लिहा, तारेवर एक बिटसुद्धा जात नाही. फील्डच्या आधी पडद्यावर एक जागा अडवून बसलेला ॲट्रिब्यूट बाइट असतो, त्यातल्या एका बिटाने ठरतं फील्ड प्रोटेक्टेड आहे का, दुसऱ्याने फक्त आकडे चालतील का, आणि शेवटचा बिट म्हणजे मॉडिफाइड डेटा टॅग, आमच्या भाषेत एमडीटी. फील्डमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी टर्मिनल तो बिट चालू करतं.

मग तुम्ही एंटर दाबता. कीबोर्ड लॉक. खाली इनपुट इनहिबिटेड. आता कंट्रोल युनिटला कळतं की याच्याकडे काहीतरी आहे आणि पुढच्या हजेरीला ते वर जातं. काय जातं? पहिला बाइट कुठलं बटण दाबलं त्याचा, एंटर असेल तर ७डी, क्लिअर असेल तर ६डी. मग कर्सरचा पत्ता दोन बाइट. मग फक्त ज्या फील्डांचा एमडीटी चालू आहे तेवढीच फील्डं, प्रत्येकाच्या आधी ११ आणि त्याचा पत्ता. बाकीचा पडदा जिथल्या तिथे.

याचं महत्त्व आकड्यात बघा. ४,८०० बिट प्रतिसेकंदच्या लाइनवर अख्खा पडदा म्हणजे १,९२० गुणिले ८ भागिले ४,८००, जवळजवळ सव्वातीन सेकंद झाले की. आणि त्याच लाइनवर बाकीचे एकतीस जण ताटकळलेत. पॉलिसी नंबराची दहा अक्षरं तेवढी पाठवली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत.

आणि आमच्याकडे काय झालं होतं माहितीये का, त्या क्लायंटच्या जुन्या मॅप्समध्ये (पडद्याच्या आराखड्यांत) कोणीतरी आळसाने प्रत्येक फील्डला एफसेट लावून ठेवला होता. एफसेट म्हणजे एमडीटी आधीच चालू करून पाठवणे, म्हणजे यूजरने हात लावला नाही तरी एंटर मारलं की ते फील्ड परत वर येणार. प्रोग्रॅमरला सोयीचं, कारण मागची व्हॅल्यू कुठे साठवून ठेवायला नको, पडदाच तुमची मेमरी. पण प्रत्येक एंटरला आख्खा पडदा वर चाललाय! तक्रारी यायच्या सिस्टिम हळू, सगळे सीपीयूचे ग्राफ काढून बसलेत, सीपीयूचा काही संबंधच नव्हता. नको तिथले एफसेट काढले, थोडा डेटा सीआयसीएसच्या कॉमएरियात, म्हणजे मेनफ्रेमच्याच मेमरीत, ठेवला, आणि फोन यायचे बंद झाले.

चकली

@कोबोलकाका हे मस्त समजलं. पण पत्ता दोन बाइट म्हणजे ६५ हजारपर्यंत जातो ना? पडदा तर १,९२० चाच.

कोबोलकाका

नाही ना, तीच तर गंमत. पत्ता १२ बिटांचा, पण तो सरळ पाठवला तर त्यातला एखादा बाइट नेमका ३७ किंवा ०३ होणार आणि मधला डबा समजणार की मेसेज संपला. म्हणून १२ बिटांचे सहा-सहाचे दोन तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक निरुपद्रवी छापता येणारं अक्षर नेमून द्यायचं. पहिल्या ओळीचा पहिला रकाना ४० ४०. दुसऱ्या ओळीची सुरवात, म्हणजे ८० नंबरची जागा, सी१ ५०. अगदी शेवटची जागा, १,९१९, म्हणजे ५डी ७एफ. हे ५डी ७एफ मला झोपेत विचारलं तरी सांगेन. डम्प (डेटाचा हेक्समधला उतारा) वाचताना हे दिसलं की कळायचं कर्सर कोपऱ्यात आहे.

आणखी एक, नल (०० हा बाइट) आणि स्पेस. पडद्यावर दोन्ही रिकामेच दिसतात. पण वर पाठवताना नल गाळले जातात, स्पेस जातात. आणि इन्सर्ट मोडमध्ये अक्षर घुसवायला फील्डच्या शेवटी नल लागतो, स्पेस असतील तर टर्मिनल म्हणतं जागा नाही आणि कीबोर्ड लॉक. कोबोलमध्ये फील्डला मूव्ह स्पेसेस केलं आणि तसाच मॅप पाठवला की दुसऱ्या दिवशी यूजर बोंबलणार, फील्ड रिकामं दिसतंय पण मध्ये एक अक्षर घालू देत नाही. मूव्ह लो-व्हॅल्यूज (म्हणजे नल) करा, प्रश्न मिटला. दर नव्या पोराला हे सांगावंच लागायचं.

बिटबिट

मंडळी, ३२७० चं कौतुक रास्त आहे पण २७०२ बद्दल हिरवापडदा जरा गोडगोड लिहितायत असं वाटलं. तो डबा हार्डवायर्ड होता. कुठली लाइन कुठल्या प्रकारच्या टर्मिनलसाठी हे सॅड नावाच्या कमांडने बदलता यायचं, पण वेग ठरवणारा ऑसिलेटर मात्र त्या लाइनला पक्का जोडलेला. म्हणजे फोन करून डायल-इन होणारा माणूस २७४१ घेऊन आलाय का टेलिटाइप (दुसऱ्या वेगाचं छापणारं टर्मिनल) घेऊन, हे बघून आपोआप जुळवून घेणं शक्यच नव्हतं. मग एका प्रकाराला एक फोन नंबर, दुसऱ्याला दुसरा. टाइमशेअरिंग (एकच मशीन एका वेळी अनेकांना वाटून देणं) करणाऱ्या विद्यापीठांना हे फार टोचायचं.

मिशिगन विद्यापीठाने मग सरळ डेक कंपनीचा पीडीपी-८ हा छोटा कॉम्प्युटर घेतला आणि ३६०/६७ च्या चॅनेलला जोडून स्वतःचा डेटा कॉन्सन्ट्रेटर बनवला. त्यावर काम करणारे डेव्हिड मिल्स, ज्यांनी पुढे एनटीपी केलं, आज आपल्या सगळ्या मशीनांची घड्याळं ज्याच्यावर जुळतात ते. पीडीपी-८ मध्ये प्रोग्रॅम असल्याने पहिलं अक्षर आल्यावर वेग ओळखता यायचा.

दुसऱ्या एका विद्यापीठातल्या टोळक्याने इंटरडेटा/३ हा छोटा कॉम्प्युटर घेऊन तेच केलं, चॅनेलचं कार्डपण स्वतःच बनवलं. त्यांचा किस्सा मला फार आवडतो. पहिल्या टेस्टला ३६० चा लाल दिवा, मशीन ठप्प. कारण काय तर ३६० चा टायमर हार्डवेअरमध्ये वेगळा नाही, मेमरीत ८० नंबरच्या जागेवर बसलेला, आणि त्यांच्या मशीनवर तो साधारण दर १३ मायक्रोसेकंदांनी घटवावा लागायचा. यांच्या कार्डाने चॅनेल धरून ठेवला, मेमरी मोकळी मिळेना, मागचं टायमर अपडेट बाकी असताना पुढचं आलं आणि मशीनने हात वर केले.

ते सोडवलं तर मेमरीत आलेला डेटा सगळा कचरा. तो कचरा नव्हता, २७०२ ची पद्धतच तशी. टेलिटाइप अक्षराचा सगळ्यात खालचा बिट आधी पाठवतं आणि २७०२ पहिला आलेला बिट बाइटमध्ये सगळ्यात वर ठेवतो. म्हणजे अक्षर आरशात बघितल्यासारखं उलटं. आस्कीतला ए म्हणजे ४१, तो मेमरीत ८२ होऊन बसणार, आणि ८२ म्हणजे एब्सिडिकमध्ये (आयबीएमच्या अक्षरसंकेतात) छोटा बी! आयबीएमच्या सॉफ्टवेअरमधली ट्रान्सलेट टेबलं हे गृहीत धरूनच लिहिलेली, त्यामुळे नव्या डब्यानेपण बिट उलटे करूनच द्यायला पाहिजेत. झालं, त्यांनी उलटे करून दिले.

माझं म्हणणं एवढंच की हार्डवायर करून आयबीएमने चार पैसे वाचवले आणि त्याच फटीतून दुसऱ्यांना चॅनेलला लटकायची वाट मिळाली. इंटरडेटाने ते पुढे प्रॉडक्ट म्हणून विकलं.

न्यू_जर्सीकर

+१ पण अर्धा. आयबीएमला हे कळलं नव्हतं असं नाही. १९७२ मध्ये ३७०५ आला, तो चक्क प्रोग्रॅमेबल. स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, ३५२ पर्यंत लाइनी. त्याचा प्रोग्रॅम मेनफ्रेमवर जनरेट करायचा आणि चॅनेलवरून त्यात लोड करायचा. लाइनचे पत्ते, वेग, कोणाला किती वेळाने विचारायचं हे सगळं मॅक्रोमध्ये लिहायचं, असेंबल करायचं आणि एक लाइन वाढवायची असली तरी परत जनरेशन. रविवारी पहाटे करायचं काम ते.

पण लोकांनी त्यात आधी काय चालवलं? ईपी, इम्युलेशन प्रोग्रॅम. म्हणजे नवीन महागडा प्रोग्रॅमेबल डबा घ्यायचा आणि त्याला सांगायचं तू २७०३ असल्याचं नाटक कर, कारण वरचं सॉफ्टवेअर बदलायची कोणाची तयारी नाही. एनसीपी, म्हणजे ३७०५ चा खरा स्वतःचा प्रोग्रॅम, चालवलं तरच पोलिंग, चुकीचा ब्लॉक परत मागवणं, बफर सांभाळणं हे सगळं ३७०५ वर उतरायचं. मग १९७४ ला एसएनए ही आयबीएमची नवी नेटवर्क रचना आली, तिच्यासोबत एसडीएलसी हा लाइनचा प्रोटोकॉल, व्हीटॅम हे मेनफ्रेमवरचं सॉफ्टवेअर, आणि हळूहळू लोक सरकले. दोन्ही लागणाऱ्यांसाठी पीईपी होताच, निम्म्या लाइनी जुन्या, निम्म्या नव्या.

आणि बायसिंकमध्ये चूक कशी सापडायची ते कोणी लिहिलं नाही म्हणून. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी चेक कॅरेक्टर, न जुळल्यास नॅक, परत पाठव. ते सोपं. पण पोच पावतीच वाटेत हरवली तर? म्हणून पावत्या दोन, ॲक० आणि ॲक१, आळीपाळीने. पाठवणाऱ्याला काहीच उत्तर नाही आलं तर तो ब्लॉक परत पाठवत नाही, आधी एन्क्वायरी पाठवतो, शेवटची पावती परत सांग. जी अपेक्षित होती ती आली तर ब्लॉक पोचलाय, आधीची आली तर ब्लॉक हरवलाय. बँकेत एकच डिपॉझिट दोनदा जमा होऊ नये म्हणून केवढी छोटी युक्ती.

सदू_सांताक्रूझ

रेल्वे रिझर्व्हेशनला काउंटरवर जे टर्मिनल असायचं ते हेच का? लहानपणी रांगेत उभं राहून बघितलंय.

बिटबिट

नाही राव, ते वेगळं घराणं. आयबीएम १९७८ मध्ये भारत सोडून गेली होती. रेल्वेचं पहिलं कॉम्प्युटराइज्ड रिझर्व्हेशन, सीएमसी या सरकारी कंपनीने बनवलेलं इम्प्रेस, १९८५-८६ मध्ये दिल्लीला सुरू झालं ते डेकच्या व्हॅक्सवर, मग मुंबई वगैरे. डेकच्या जगात टर्मिनल अक्षर-अक्षर बोलणारं. डीझेड-११ सारखं कार्ड घेतलं तर ८ लाइनी आणि बाहेर पाठवायच्या प्रत्येक अक्षराला सीपीयूला इंटरप्ट. ज्या वाक्यावरून हा धागा निघाला ना, 'प्रत्येक बटण सीपीयूपर्यंत', ते डेकबद्दल लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

हिरवापडदा

बिटबिट, २७०२ बद्दल मान्य, फक्त ते लाड विद्यापीठांचे. बँकांना आणि विमानकंपन्यांना कुठल्या लाइनवर काय आहे हे आधीच पक्कं माहीत असायचं, त्यांना वेग ओळखणारा डबा काय करायचाय? अमेरिकन एअरलाइन्सच्या सेबर या रिझर्व्हेशन सिस्टिममध्ये तर ३६० च्याही आधी, दोन ७०९० मशीनांवर, शहराशहरात टर्मिनल इंटरचेंज ठेवून एजंटांचे मेसेज तिथेच गोळा करायचे आणि मग लांबच्या लाइनवर घालायचे. डोकं तारेच्या दुसऱ्या टोकाला न्यायची कल्पना तेव्हाच होती.

कोबोलकाका, एक राहिलं. १९७७ नंतर ३२७४ आणि ३२७८ आले तेव्हा उलटा प्रकार झाला, टर्मिनलमधलं बरंचसं इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल युनिटमध्ये गेलं. टर्मिनल बनवायला स्वस्त पडलं पण एका डब्यावर सगळ्यांचा भार, आणि ३२७७ ची सवय असलेल्यांनी खूप कुरकुर केली की हे स्लो आहे. कीबोर्डसुद्धा मॅनेजरांनी निवडलाय म्हणायचे.

चकली

हे सगळं आता बघायला मिळतं का कुठे? म्युझियम सोडून.

कोबोलकाका

घरच्या लॅपटॉपवर. हर्क्युलिस नावाचा इम्युलेटर फुकट आहे, त्यावर एमव्हीएस ३.८जे ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. एक्स३२७० या ३२७० टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून कनेक्ट करायचं, ट्रेस चालू करायचा आणि लॉगिन स्क्रीनवर काहीतरी टाइप करायचं. ट्रेसच्या खिडकीत शांतता. एंटर मारलं की ७डीने सुरू होणारी एकच ओळ. आता खाली बायसिंकच्या जागी टीसीपी/आयपी आहे पण डेटा तोच.

न्यू_जर्सीकर

हर्क्युलिसमध्ये २७०३ पण आहे, टेलनेटने लाइन जोडून टेलिटाइपसारखं वापरता येतं. आणि ३७०५ च्या खानदानातला शेवटचा ३७४५, तो आयबीएमने विकणं बंद केल्यावर २००५ मध्ये लिनक्सवर चालणारं सॉफ्टवेअरच काढलं, ज्यात एनसीपी जसंच्या तसं चालायचं. म्हणजे ज्या डब्याने २७०३ चं नाटक केलं त्याच डब्याचं नाटक आता लिनक्स करतंय. गिऱ्हाइकाने वरचं सॉफ्टवेअर तेव्हाही बदललं नव्हतं.

चकली

कोबोलकाका, बसवलं. लॉगिनला १२ अक्षरं टाइप केली, चार खोडली, ट्रेस ढिम्म. एंटर मारल्यावर आली ओळ. पण ७डी नंतर दोन बाइट आहेत ते कर्सरचे ना, मग त्यानंतर लगेच ११ का?

कोबोलकाका

११ म्हणजे पुढे फील्डचा पत्ता येतोय. मोजून बघ, पत्त्यानंतर आठच अक्षरं असतील, खोडलेली चार गाळलेली. आणि आता क्लिअर दाबून बघ, ६डी येईल आणि मागे काहीच नसेल, ना कर्सर ना डेटा.

चकली

हो! नुसतं ६डी.